'ताई, मी फक्त पिशवी पोहोचवतो'

देवरीतून रायपूर-नागपूर महामार्ग जातो. ओडिशाकडचा गांजा याच वाटेने विदर्भात उतरतो. वस्तीतला विकणारा पोरगा स्वतःला विकणारा म्हणवत नाही. "ताई, मी फक्त पिशवी पोहोचवतो. गांजा म्हणजे झाडपाला, ब्राऊन शुगर थोडीच आहे! आणि लहान पोरांना मी देत नाही." शेवटच्या वाक्यात त्याची लाज दिसते. घरच्यांनी बोलणे तिथूनच सुरू करावे. शिव्या दिल्या तर तो अड्ड्यावरच जाईल. झाडपाला म्हणाल तर कोवळ्या वयात गांजाने भास, संशय जडलेली पोरे मी वॉर्डात सांभाळली आहेत. १९८५ चा कायदा वजन बघतो: किलोच्या आत वर्षभरापर्यंत कैद, २० किलोच्या वर किमान १० वर्षे सक्तमजुरी. पिशवी पोहोचवणाऱ्यालाही तेवढीच. पोरगा स्वतः ओढत असेल, तर १४४४६ वर फोन लावा, मोफत आहे.