खणाची मागची बाजू

चि. वसंत यास,

गोव्यातील जुन्या लाकडी सामानाचा अभ्यास करण्याचा तुझा मनोदय वाचून परम संतोष झाला. १५१० मध्ये पोर्तुगीज अंमल सुरू झाल्यावर उंच खुर्च्या, मेजे आणि पुष्कळ खणांची कपाटे अशी परदेशी घडण तिथे आली. परंतु ती प्रत्यक्षात उतरवणारे हात तिथल्याच सुतारांचे असल्यामुळे, पोर्तुगीज ज्याला ‘कोन्तादोर’ म्हणत त्या कपाटाचा आराखडा युरोपीय, लाकूड साग-शिसवाचे आणि पायांच्या जागी कित्येकदा कोरलेल्या नागकन्या, असा अपूर्व संयोग घडून आला. जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठातले ख्रिस्ती कला संग्रहालय तू पाहशीलच. मात्र नक्षीवर लुब्ध होऊन तिथेच थांबू नकोस.

नक्षी धन्यासाठी केलेली असते; कारागिराचा खरा जबाब खणाच्या पाठीमागे आणि तळफळीखाली सापडतो. तिथले करवतीचे ओरखडे सरळ व किंचित विषम असतील तर फळी हाताने चिरलेली. कमानीसारखे वळत गेले असतील तर ती चक्राकार यांत्रिक करवतीची, म्हणजे बरीच अलीकडची. लाकूड लांबीत जवळजवळ आक्रसत नाही, आडवे आक्रसते. म्हणून गोल तासून ठोकलेली खुंटी काळाने किंचित लंबगोल होते, आणि बोट फिरवले असता भोवतीच्या लाकडाहून केसभर वर आलेली जाणवते. नव्या वस्तूवर जुनेपण चढवणाऱ्याला काळपट रंग सहज साधतो. खुंटीची ही खूण साधणे महाकठीण.

शिसवाच्या पातळ तुकड्यांवर हस्तिदंताचे ठिपके दिसतील. त्यांतले कित्येक वस्तुतः बारीक खिळे असून तो तुकडा सागाला धरून ठेवतात. बंधनालाच अलंकार करण्याची ही बुद्धी मला साऱ्या कोरीवकामाहून थोर वाटते.

नुसत्या अवलोकनाने मात्र भागणार नाही. एकाच खणाची मापे बारकाईने टिपून, यंत्राला हात न लावता, केवळ करवत, रंधा आणि पटाशी यांनी त्याची नक्कल कर. आणि सांधा कापताना जिथे हात अडेल, तिथे त्या अज्ञात सुताराने कोणती युक्ती योजली हे पाहण्यास पुन्हा मूळ वस्तूकडे जा. कोणा घरमालकाने कितीही आग्रह धरला तरी जुन्या पृष्ठभागावर पॉलिशपेपर चालवू नकोस. एका दुपारच्या चकाकीपायी हत्यारांची सारी साक्ष पुसली जाते.

मापे घेण्याच्या परवानगीचा अर्ज संग्रहालयाकडे आधी रीतसर कर, आणि पहिल्या खणाचे आराखडे झाले की सांध्यांच्या तपशिलासह मला पाठव.

तुझा,
काका