जड मोटारसायकलीचा तोल : टायर आणि स्प्रिंग यांचे कार्य

ग्रामीण भागात दूधवाहतूक, शेतमालाची ने-आण व क्षेत्रीय कर्मचाऱ्यांची फिरती यांसाठी मोटारसायकल हे सोयीचे वाहन ठरले आहे. मालक इंजिनाची निगा राखतो. टायरमधील हवा आणि चाकांवरील स्प्रिंगा यांची आठवण मात्र बहुधा पंक्चर झाल्यावरच होते. बुलेटसारख्या जड वाहनाच्या बाबतीत ही हयगय जिवावर बेतू शकते.

आजच्या बुलेट ३५० चे वजन १९० किलोग्रॅमहून अधिक आहे. चालकासह मागील चाकावर १५० किलोग्रॅम भार आणि टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला २ किलोग्रॅम दाब धरला, तर रस्त्याला टेकणारा भाग सुमारे ७५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ तळहाताएवढा भरतो. पुढील चाकाचा भाग याहूनही लहान असतो. वेग घेणे, वळणे व थांबणे ही सर्व कामे या दोन लहानशा ठिकाणांवर अवलंबून असतात.

हवा कमी केल्यास पकड वाढते, असा एक समज आहे. चिखलात तो काही अंशी खरा आहे. पक्क्या रस्त्यावर मात्र टायरच्या बाजू दबून रबर तापते आणि वळणावर वाहन जड व अनिश्चित वाटू लागते. हवा जास्त झाल्यास चाक खडीवरून उसळते, आणि अधांतरी असलेल्या चाकाला ब्रेक लावून काहीच साधत नाही. टायरला लाथ मारून हवेचा अंदाज घेण्याची रीत तर निरुपयोगीच होय. दाब मापकानेच, टायर थंड असताना पाहिला पाहिजे.

स्प्रिंगांचे काम केवळ बसणाऱ्यास सुख देणे एवढेच नाही. पूर्वी बऱ्याच मोटारसायकलींचे मागील चाक सांगाड्याला पक्के जखडलेले असे. इंग्लंडमधील रॉयल एनफिल्ड कंपनीने १९४८ मध्ये बुलेटचे मागील चाक वरखाली हलणाऱ्या चिमट्यावर बसविले, तेव्हा खडतर वाटेवर पकड कमी होईल, अशी शंका जाणकारांनी घेतली होती. त्याच वर्षी इटलीत झालेल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय कसोटीत या गाड्यांवरील स्वारांनी सुवर्णपदके मिळविली. चाक खड्ड्यात उतरून पुन्हा वर येते, पण जमीन सोडत नाही, हे त्यामागील कारण. मात्र नुसती स्प्रिंग वाहनाला झुलवीत ठेवते. तिला आवर घालण्याचे काम शॉकॲब्झॉर्बरमधील तेल करते. तेल गळून गेले की दणके तेवढे उरतात.

खरी कसोटी ओझ्याची असते. ४० लिटरचे दुधाने भरलेले दोन कॅन म्हणजे कॅनचे वजन सोडूनही ८० किलोग्रॅमहून अधिक भार. तो मागील आसाच्याही मागे टांगला, तर मागची बाजू दबते, पुढील चाक हलके होते आणि हँडल थरथरू लागते. अर्धवट भरलेल्या कॅनमधील दूध हिंदकळून यात भरच घालते. कॅन शक्य तितके खाली, पुढे आणि दोन्ही बाजूंना समान असावेत. मागील स्प्रिंगांखालचे कडे फिरवून दबलेली बाजू उचलता येते. त्यामुळे स्प्रिंगची मूळ ताकद मात्र वाढत नाही, हे अनेक चालकांच्या ध्यानात येत नाही.

हँडल थरथरू लागल्यास जोराने ब्रेक दाबणे धोक्याचे असते. हँडल आवळून न धरता वेग हळूहळू कमी होऊ द्यावा. नंतर पुढील नळ्यांवर तेलाचा ओलावा आहे काय, चिमट्याला बाजूचा हेलकावा आहे काय आणि टायरची नक्षी झिजून खाचांतील खुणेच्या उंचवट्यापर्यंत आली आहे काय, हे पाहावे. पुढचा भाग हाताने दाबून सोडल्यावर तो एकदा वर येऊन स्थिरावला पाहिजे; झुलत राहिल्यास तेल तपासून घ्यावे.