विश्वासू सोबती कसा ओळखावा?



प्रभू येशूने आपल्या बारा शिष्यांना सेवाकार्यासाठी पाठवले ते जोडीजोडीने (मार्क ६:७). ख्रिस्ती जीवनाची वाट एकट्याने चालायची नाही, हे त्यातून स्पष्ट होते. पण सोबती निवडताना आपण बहुधा आपल्या आळीतला, आपल्या शब्दाला 'हो' म्हणणारा माणूस शोधतो. संत पौलाची रीत पाहिली तर तीन गोष्टी शिकायला मिळतात.

पहिली गोष्ट म्हणजे इतरांची साक्ष. पौलाने तीमथ्याला सोबत घेतले, तेव्हा लुस्त्र आणि इकुन्या येथील बंधू त्याच्याविषयी चांगले बोलत होते (प्रे. कृत्ये १६:२). आपली आवड पुरेशी नसते. तो माणूस ज्यांच्यात राहतो, त्यांचा अनुभव काय आहे, हे विचारावे.

दुसरी गोष्ट म्हणजे काळ. योहान मार्क पहिल्या प्रवासात पंफुल्याहून माघारी गेला. पुढच्या प्रवासात त्याला न्यावे की नाही, यावरून पौल व बर्णबा यांच्यात तीव्र मतभेद होऊन ते वेगळे झाले (प्रे. कृत्ये १५:३६-४०). मात्र तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात चित्र पालटलेले दिसते. सहकारी देमास सोडून गेला आहे आणि मार्क सेवेसाठी उपयोगी आहे, म्हणून त्याला घेऊन यावे, असा निरोप आहे (४:१०-११). एकत्र मीठ खाल्ल्याशिवाय माणूस कळत नाही, ही म्हण ॲरिस्टॉटलनेही मैत्रीविषयी लिहिताना दिली आहे. म्हणून कोणावर पटकन भरवसा टाकू नये आणि एका चुकीवरून कोणाला कायमचे बादही करू नये.

तिसरी गोष्ट म्हणजे उघडा हिशेब. जेरुसलेमच्या गरजू श्रद्धावंतांसाठी निधी जमवताना पौलाने तीताबरोबर आणखी दोन बंधू पाठवले. त्यांतील एकाला ख्रिस्तमंडळ्यांनीच नेमले होते. या देणगीबाबत कोणालाही बोट दाखवायला जागा राहू नये, हा त्यामागील हेतू (२ करिंथ ८:१६-२१). पौल प्रेषित होता, तरी त्याने देखरेख मागून घेतली.

हे आपल्या धर्मग्रामालाही लागू आहे. चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेनुसार (कलम ५३७) प्रत्येक धर्मग्रामात अर्थविषयक मंडळ असावेच लागते. म्हणजे आम्हा धर्मगुरूंनाही त्यातून सूट नाही. दानपेटी मोजताना एकाहून अधिक जण असावेत. मुलांच्या शिबिरात जबाबदारी एकट्यावर सोपवू नये. यात कोणाचा अपमान नाही. प्रामाणिक माणसाचे नाव यामुळेच सुरक्षित राहते, आणि लबाडाची मात्र अडचण होते.

प्रभू येशूने बारा जणांना निवडण्यापूर्वी रात्रभर प्रार्थना केली (लूक ६:१२-१३). या आठवड्यात आपणही प्रार्थनेत स्वतःला विचारू या: 'तुझे चुकते आहे' असे तोंडावर सांगणारा कोणी आपल्याजवळ आहे का? असेल तर त्याला दूर लोटू नये. नसेल तर आपल्या भोवती सोबती आहेत की नुसते होयबा, याचा विचार करावा.