कॉक्लिअर इम्प्लांट : शस्त्रक्रियेपूर्वीची तयारी

श्रवणयंत्र आणि कॉक्लिअर इम्प्लांट या दोहोंबाबत ग्रामीण भागात पुष्कळदा गल्लत होते. श्रवणयंत्र आवाज मोठा करते. परंतु अंतःकर्णातील शंखासारख्या वेटोळ्या कॉक्लियामधील केशपेशीच निकामी झाल्या असतील, तर आवाज कितीही वाढविला तरी मज्जातंतूपर्यंत स्पष्ट संदेश पोहोचत नाही. अशा वेळी इम्प्लांटमधील इलेक्ट्रोड श्रवणमज्जातंतूला थेट विद्युत्‌संकेत देतात. मेलबर्न येथे डॉ. ग्रॅम क्लार्क यांनी १९७८ साली अनेक इलेक्ट्रोडचे असे उपकरण रुग्णाच्या कानात बसविले. त्याचा एक भाग त्वचेखाली राहतो, तर दुसरा कानामागे बाहेरून लावावा लागतो.

जन्मतः कर्णबधिर बालकाच्या बाबतीत वेळेचे महत्त्व सर्वाधिक आहे. आवाजाचा अर्थ लावण्यास मेंदू पहिल्या काही वर्षांत जितक्या सहजतेने शिकतो, तितका पुढे शिकत नाही. केंद्र शासनाच्या ॲडिप योजनेतही अशा बालकांसाठी ५ वर्षांची वयोमर्यादा आहे. 'मामाही उशिराच बोलायला लागला होता' अशी समजूत करून घेऊन कुटुंबे वर्ष-दोन वर्षे दवडतात, ही खेदाची गोष्ट होय. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून अंगणवाडीतच तपासणी होते. ॲडिप योजनेखालील इम्प्लांटचे काम पाहणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था मुंबईत वांद्रे येथे आहे.

शस्त्रक्रिया ठरण्यापूर्वी अनेक चाचण्या होतात. बेरा चाचणीसाठी मूल गाढ झोपलेले असावे लागते. म्हणून प्रवासात त्याला शक्यतो झोपू देऊ नये. त्यानंतर काही महिने श्रवणयंत्र लावून पाहण्यास सांगतात. पालकांना ही टोलवाटोलवी वाटते. वस्तुतः साध्या यंत्राने भागत असेल तर शस्त्रक्रिया टळावी, हाच त्यामागील हेतू असतो. सी.टी. स्कॅन व एम.आर.आय. यांवरून कॉक्लियाची रचना आणि श्रवणमज्जातंतू आहे की नाही, हे समजते. मात्र मेंदूज्वरानंतर बहिरेपण आले असेल, तर कॉक्लियात हाड वाढून इलेक्ट्रोड घालणे कठीण होऊ शकते. तेथे मुळीच विलंब करू नये.

इम्प्लांटनंतर मेंदूज्वराचा धोका किंचित वाढत असल्याने न्युमोकोकस प्रतिबंधक लस शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी पूर्ण झालेली असावी. लसीकरणाचे कार्ड सोबत न्यावे. ताप, खोकला किंवा कान फुटलेला असल्यास ते लपवू नये. प्रौढ रुग्णांनी मधुमेह व रक्त पातळ करणारी औषधे यांची माहिती द्यावी. अशी औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

उपाशी ठेवण्याच्या सूचनेबाबत विशेष दक्षता हवी. रडणाऱ्या नातवाला आजी मायेने दूध पाजते आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते. भूल दिल्यावर पोटातील अन्न उलटून फुफ्फुसांत जाणे जिवावर बेतू शकते, हे घरातील सर्वांना आधीच समजावून सांगावे.

संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी डॉक्टरांना निःसंकोच विचारावे : कोणत्या कानात बसविणार? त्या कानात उरलेली नैसर्गिक श्रवणशक्ती जाण्याचा संभव किती? बाह्य यंत्र बिघडल्यास दुरुस्ती कोठे व किती खर्चात?

शस्त्रक्रियेच्या दिवशी मूल ऐकू लागत नाही. जखम भरल्यावर, साधारणतः तीन-चार आठवड्यांनी, यंत्र सुरू केले जाते. सुरुवातीचे आवाज अनोळखी असतात. मूल घाबरून रडतेही. पुढे वर्ष-दोन वर्षे वा अधिक काळ नियमित वाचा-श्रवण उपचार लागतात. खरी तयारी येथेच करावयाची असते. दर आठवड्यास मुलाला कोण नेणार? आईची मजुरी बुडेल त्याचे काय? बॅटऱ्यांसाठी पैसे कोठून येणार? ही उत्तरे तारीख घेण्यापूर्वीच हवीत. अन्यथा महागडे यंत्र पेटीत पडून राहते. दिव्यांग प्रमाणपत्रावर एस.टी. प्रवासात सवलत मिळते. ग्रामपंचायतींना स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. बॅटऱ्या व दुरुस्तीचा प्रश्न त्या संदर्भात ग्रामसभेपुढे मांडण्यास सदस्यांनी संकोच करू नये.

घरी परतताना उपकरणाचे ओळखपत्र मागून घ्यावे. शरीरातील भागात लोहचुंबक असल्याने पुढे एम.आर.आय. किंवा अन्य शस्त्रक्रियेच्या वेळी ते दाखवावे लागते. त्याची एक प्रत शाळेत व एक प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवावी.