‘साइटवर बघू’ म्हणणाऱ्यांसाठी हे क्षेत्र नाही

बारावीचा निकाल लागला त्या आठवड्यात एक वडील मुलीला घेऊन आले. मुलीला लाकडाच्या उंच इमारती बांधायच्या होत्या. वडील वैतागले होते. “सर, दोन वर्षं क्लासची फी भरली ती हिने सुतारकाम शिकावं म्हणून का?”

प्रश्न रास्त होता, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

हे लाकूड कोणतं?

या लाकडाचं नाव क्रॉस लॅमिनेटेड टिंबर, म्हणजेच सीएलटी. स्प्रूससारख्या झाडाच्या वाळवलेल्या फळ्या शेजारी शेजारी मांडायच्या, त्यावर दुसरा थर आडवा टाकायचा, मग पुन्हा उभा. असे 3, 5 किंवा 7 थर सरस लावून दाबले की भिंतीएवढा किंवा स्लॅबएवढा अखंड फलक तयार होतो. तत्त्व आपल्या प्लायवूडचंच. फक्त तिथे पातळ पापुद्रे असतात आणि इथे जाड फळ्या. आडव्या-उभ्या थरांमुळे लाकडाचं फुगणं-आकसणं आटोक्यात राहतं. वजन काँक्रीटच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकं. 1990 च्या दशकात ऑस्ट्रिया आणि जर्मनीत हे तंत्र आकाराला आलं.

कॅनडात व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात ‘ब्रॉक कॉमन्स’ नावाचं 18 मजली वसतिगृह आहे. 2017 पासून तिथे चारशेवर विद्यार्थी राहतात. त्याचा लाकडी सांगाडा सुमारे 70 दिवसांत उभा राहिला. मात्र तळमजला आणि लिफ्ट-जिन्याचे गाभे काँक्रीटचेच आहेत. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आग लागली तर?

आई-वडील हा प्रश्न विचारतातच. शनिवारवाडा 1828 मध्ये जळाला, ती आठवण आपल्या मनात खोल बसली आहे. लाकूड जळतं, हे खरंच. पण जाड लाकूड वरून जळत जातं आणि जळालेल्या भागाचा कोळसा आतल्या लाकडावर पांघरुणासारखा बसतो. जळण्याचा वेग मिनिटाला ढोबळमानाने 0.65 मिलिमीटर, म्हणजे तासाला सुमारे 4 सेंटिमीटर. अभियंता तेवढी जाडी हिशेबात वाढवून धरतो. अनेक ठिकाणी वरून जिप्सम बोर्डही लावतात. वडिलांनी ज्याला सुतारकाम म्हटलं, त्यात असं गणित आहे.

कोणाला जमेल?

आपल्याकडे भिंत बांधून झाल्यावर इलेक्ट्रिशियन येतो, छिन्नी-हातोडीने झिरी पाडतो आणि पाइप बसवतो. बोर्डाची जागा चुकली तर गवंडी बुजवून देतो. सीएलटीत ही सोय नाही. खिडकी, पाइपचं भोक, स्विचबोर्डची खाच हे सगळं कारखान्यातल्या संगणकचलित यंत्रावर कापूनच साइटवर येतं. म्हणजे स्विच कुठे असेल, हे कित्येक महिने आधी नकाशात ठरलेलं असावं लागतं. लंडनच्या मरे ग्रोव्ह इथली नऊ मजली इमारत 2009 मध्ये पुरी झाली. तिचे वरचे आठ लाकडी मजले चार सुतारांनी 27 दिवसांत जोडले. ही घाई शक्य झाली, कारण विचार आधीच करून झाला होता.

ज्याला आधी ठरवून मग हात लावण्याची सवय आहे, त्याला हे काम मानवेल. ‘साइटवर बघू’ म्हणणाऱ्याने दुसरं क्षेत्र निवडावं.

वाट कोणती?

बारावीनंतर थेट सीएलटीचा कोर्स शोधू नका. आधी पाया पक्का करा.

एमएचटी-सीईटी किंवा जेईई देऊन सिव्हिल इंजिनीअरिंगला जा आणि पुढे स्ट्रक्चर्समध्ये पदव्युत्तर शिक्षण घ्या. चित्रकला आणि अवकाशाची जाण चांगली असेल, तर नाटा देऊन पाच वर्षांचं बी.आर्क. करा. लाकडाच्या विज्ञानाचीच ओढ असेल, तर विज्ञान किंवा वनशास्त्राच्या पदवीनंतर डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेच्या अभिमत विद्यापीठात काष्ठविज्ञानाचं एम.एस्सी. आहे. टिंबर इंजिनीअरिंगमध्ये खास प्रावीण्य हवं असेल, तर ऑस्ट्रियातलं ग्राझ, जर्मनीतलं रोझेनहाइम आणि व्हँकुव्हर ही ओळखीची ठिकाणं आहेत. ग्राझ, रोझेनहाइमकडे डोळा असेल, तर जर्मन आजपासूनच सुरू करा. त्रिमितीय नकाशे, म्हणजे बीआयएम, कुठल्याही वाटेवर शिकावंच लागेल.

भ्रमात राहू नका

भारतात सीएलटीच्या मोठ्या इमारती अजून दुर्मीळ आहेत. आपला पाऊस, वाळवी आणि आयात लाकडाची किंमत हे अडथळे खरे आहेत. त्यामुळे पहिली नोकरी बहुधा काँक्रीटच्याच कामावर मिळेल. त्यात कमीपणा नाही. ब्रॉक कॉमन्सचा पायासुद्धा काँक्रीटचाच आहे. मुलगी सिव्हिल शिकली आणि पुढे लाकडाचा नाद सुटला, तरी पदवी वाया जात नाही. या वाटेवर फक्त लाकडाच्या भरवशावर घर गहाण टाकून परदेशी शिक्षणाचं कर्ज काढायला मात्र मी सांगणार नाही.

त्या वडिलांना मी एक घरचा अभ्यास दिला, तो तुम्हालाही देतो. या सुट्टीत मुलाला किंवा मुलीला एक स्टूल करायला सांगा. आधी प्रत्येक माप आणि प्रत्येक भोक कागदावर उतरवायचं. एकदा लाकूड कापायला घेतलं की कागद बदलायचा नाही. स्टूल डुगडुगलं तरी हरकत नाही. पण पोराने लगेच दुसरा कागद काढला, तर सिव्हिलचा फॉर्म बिनधास्त भरा.