आपल्याला आवरणारे चार धागे

वाड्यात किंवा चाळीत वाढलेल्यांना हा अनुभव नक्की असेल. शाळा बुडवून सिनेमाला जावे, तर आपण परतण्याआधीच बातमी घरी पोचलेली! कोपऱ्यावरचा वाणी, समोरच्या काकू, वडिलांचे मित्र, साऱ्यांनाच आपण 'अमक्यांचा मुलगा' म्हणून ठाऊक. तेव्हा त्याचा राग यायचा. बहारीनमध्ये आल्यावर मात्र शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहते, हेही कधी कधी माहीत नसते. खिशात दिनार आहेत, शुक्रवार-शनिवारची सुट्टी आहे आणि "कुठे निघालास?" असे विचारणारे कोणी नाही. मग माणसाला आवरते कोण?

माणूस वाईट मार्गाला का लागतो, असे आपण नेहमी विचारतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ट्रॅव्हिस हर्शी यांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हाच प्रश्न उलटा केला: बहुतेक माणसे त्या मार्गाला का लागत नाहीत? कॅलिफोर्नियातील हजारो शाळकरी मुलांच्या पाहणीवरून त्यांनी समाजाशी बांधणारे चार धागे मांडले.

१. जिव्हाळा : ज्यांचे मन दुखवू नये असे वाटते, अशी माणसे.
२. गुंतवणूक : शिक्षण, नोकरी, नाव यांसाठी घेतलेले कष्ट. परदेशात तर एका चुकीने नोकरी, व्हिसा आणि मुलांची शाळा, सारेच धोक्यात येते.
३. सहभाग : अभ्यास, खेळ, सामाजिक कार्य यांत गेलेला वेळ.
४. निष्ठा : नियम योग्य आहेत, ही मनापासूनची खात्री.

यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की, नुसते कशात तरी गुंतून राहणे हा धागा पाहणीत सर्वांत कच्चा ठरला. म्हणजे मुलांना पोहणे, तबला, अबॅकस अशा चार क्लासना पाठवले की आपली जबाबदारी संपली, असे नाही. मोहाच्या क्षणी आईवडील शेजारी नसतातच. त्या क्षणी ते मुलाच्या मनात हजर असतात का, हे महत्त्वाचे. आणि मनातली ही जागा पाळत ठेवून मिळत नाही. ती रोजच्या जेवणाच्या वेळी, टीव्ही बंद करून मारलेल्या गप्पांतून मिळते.

हर्शींच्या मताला पुढे मर्यादाही दिसल्या. मित्रांशी जिव्हाळा असला, पण मित्रच भरकटलेले असले, तर तोच धागा मुलाला खाली ओढतो. म्हणून मुलांचे मित्र आपल्या घरी येऊ द्यावेत. त्यांना नावाने ओळखावे.

धागा तुटल्यावर काय? पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला मोलाची मदत केली. तिथे रुग्णाबरोबर त्याच्या कुटुंबालाही उपचारात सामील करून घेतले जाते आणि व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे इतरांना हात देतात. औषधाबरोबर नातीही पुन्हा विणावी लागतात, हे त्यामागचे शहाणपण.

आपण मात्र बरेचदा उलटे वागतो. कुटुंब गावी पाठवून एकटा राहणारा एखादा गृहस्थ संध्याकाळी जास्त पिऊ लागला, की आपण हळूच त्याला बोलावणे बंद करतो. 'मुले आहेत ना घरात!' आपली काळजी खोटी नसते. पण त्याला थांबवू शकेल असा शेवटचा धागाही त्या दिवशी आपणच कापतो. त्याला पार्टीला नको, पण दुपारच्या वरणभाताला बोलवायला काय हरकत आहे?

उत्सवात मखर बांधताना, लेझीमच्या तालमीत, प्रसादाच्या पंगतीत आपण 'अमक्यांचा मुलगा' पुन्हा होतो. वाडा मागे राहिला. तो इथे आपल्यालाच उभा करायचा आहे.

घरी चर्चेसाठी :
१. माझ्या मुलाच्या तीन मित्रांची नावे मला सांगता येतील का?
२. घरी बोलता येत नाही अशी अडचण आली, तर मुलाने इथल्या कोणत्या काका-मावशींकडे जावे?
३. गेल्या वर्षी उत्सवात होता आणि यंदा दिसला नाही, असा कोण? त्याला फोन कोण करणार?