बंद खोलीतला विस्तव : ऊब घ्या, पण हवेला वाट ठेवा



सोलापूर म्हटले की ऊन आठवते. म्हणून थंडीची तयारी आपण कधी नीट करत नाही. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १५ अंशांच्या आसपास येतो, कधी त्याखालीही जातो. पत्र्याचे घर रात्री लवकर गार पडते. मग झरोक्यात पोते कोंबायचे, दाराच्या फटीला गोधडी लावायची, बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायची, न्हाणीत गॅसचा गीझर बसवायचा, असे सुरू होते. हे सगळे आपण घरच्यांच्या मायेपोटीच करतो. पण दार बंद आणि आत विस्तव, या दोन गोष्टी एकत्र आल्या की जीव जाऊ शकतो. तो कसा जातो आणि कसा वाचवायचा, हा आजचा पाठ.

विस्तवालाही श्वास लागतो

लाकूड, लोणारी कोळसा, गोवरी, रॉकेल, गॅस, काहीही जळताना हवेतला ऑक्सिजन वापरला जातो. हवा भरपूर असेल तर इंधन पुरते जळते. हवा कमी पडली की ते अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत. धूर झाला तर माणूस खोकतो, उठतो, दार उघडतो. हा वायू मात्र झोपलेल्याला जागे करत नाही.

आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेते. कार्बन मोनॉक्साइड त्याच हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. छाती वर-खाली होत असते, श्वास चालू असतो, पण मेंदूला आणि हृदयाला ऑक्सिजन पोचत नाही.

लोणारी कोळशाबद्दल एक मोठा गैरसमज आहे. निखारे लाल झाले, धूर थांबला, आता शेगडी आत घ्यायला हरकत नाही, असे आपण समजतो. खरे तर धूर न देणारे निखारेही हा वायू सोडतच असतात. धूर दिसत नाही म्हणून धोका गेला असे नाही.

जानेवारी २०२० मध्ये केरळमधून नेपाळला फिरायला गेलेल्या मंडळींपैकी आठ जण दमन या थंड ठिकाणी एका खोलीत झोपले. खोलीत गॅसचा हीटर होता, दारे-खिडक्या आतून बंद होत्या. सकाळी आठही जण बेशुद्ध सापडले. एकही वाचला नाही. त्यांत चार मुले होती. आपल्याकडेही न्हाणीतल्या गॅस गीझरने माणसे गेल्याच्या बातम्या मुंबई, पुणे, नाशिककडून आल्या आहेत.

आजीच्या बंबाला धुराडे का होते?

जुन्या घरांत पाणी तापवायला तांब्याचा बंब असायचा. आठवून पाहा. बंबाच्या मधोमध उभी नळी असे, तिच्यात विस्तव पेटे, भोवतीने पाणी तापे आणि धूर नळीच्या तोंडातून वर जाई. शिवाय बंब ठेवला जायचा अंगणात, नाहीतर परसात.

बर्फ पडणाऱ्या देशांत लोक बैठकीच्या खोलीत गॅसची शेकोटी बसवतात. तिथे गेलेले आपले नातेवाईक तिचे फोटो पाठवतात. फोटोत काचेमागची ज्योत दिसते, पण भिंतीमागची नळी दिसत नाही. चांगल्या प्रकारच्या शेकोटीत काच पूर्ण बंद असते. एका नळीने बाहेरची हवा ज्योतीपाशी येते, दुसऱ्या नळीने जळलेला वायू बाहेर जातो. खोलीतली हवा त्यात वापरलीच जात नाही. वर्षातून एकदा तिची तपासणी होते आणि घरात कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा लावलेला असतो. म्हणजे परदेशातली शेकोटी असो की आजीचा बंब, तत्त्व एकच : विस्तवाला बाहेरची हवा द्या आणि त्याचा वायू बाहेर सोडा. आपल्या एका खोलीच्या घरात ठेवलेल्या शेगडीला ही दोन्ही सोय नसते.

बाळंतिणीची शेगडी आणि धुरी

असे घर डोळ्यासमोर आणा. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. दहा बाय दहाची खोली. बाळाला वारा लागू नये म्हणून दार-खिडकी लावलेली, बाजेखाली निखारे, त्यावर ओवा आणि बाळंतशेपा. दुपारपासून लेकीचे डोके ठणकते, मळमळते, उठावेसे वाटत नाही. बाळ दूध ओढत नाही, नुसते झोपून राहते. आजी म्हणते, अशक्तपणा आहे. शेजारीण म्हणते, नजर लागली, उतरून टाका. अशा वेळी सगळ्यात आधी दार उघडून शेगडी बाहेर काढायला हवी.

आजीचा हेतू चुकीचा नाही. नवजात बाळाला ऊब लागतेच. त्याचे अंग लवकर गार पडते आणि ते जिवावर बेतू शकते. चूक फक्त साधनाची आहे. निखाऱ्यांच्या वायूने आई आणि बाळ दोघांच्या रक्तातला ऑक्सिजन कमी होतो. धुरीच्या धुराने बाळाच्या कोवळ्या श्वासनलिकेला त्रास होतो. बाजेखालच्या निखाऱ्यांनी भाजण्याची भीती वेगळीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, त्यांत दोन लाखांहून जास्त पाच वर्षांखालची मुले होती.

मग बाळाला ऊब कशी द्यायची? आईच्या उघड्या छातीवर बाळाला उघडे ठेवून वरून दोघांना चादर पांघरायची. आईच्या अंगाची ऊब बाळाला बरोबर बेताने मिळते. डोक्याला टोपी, पायांत मोजे, लंगोट ओला झाला की लगेच बदलायचा. जन्मानंतर पहिले २४ तास अंघोळ घालायची नाही. कमी वजनाच्या बाळांना दवाखान्यातही याच रीतीने आईच्या छातीशी ठेवतात, आशाताई ती रीत दाखवतील. बाळंतिणीला कंबर शेकायची असेल तर गरम पाण्याची रबरी पिशवी फडक्यात गुंडाळून वापरा. ती पिशवी बाळाच्या अंगाला लावू नका.

गॅस गीझर : घेताना आणि बसवताना

थोडा हिशोब करू. एक किलो गॅस पूर्ण जळायला साधारण १२ ते १३ घनमीटर हवा लागते. घरगुती गीझर मोठ्या ज्योतीवर तासाला पाऊण ते एक किलो गॅस जाळतो. म्हणजे पाव तासात त्याला अडीच ते तीन घनमीटर हवा हवी. चार फूट रुंद, पाच फूट लांब, सात फूट उंच न्हाणीत मिळून हवा असते चार घनमीटर. त्याच हवेत माणूसही श्वास घेतो. ऑक्सिजन संपायच्या कितीतरी आधी ज्योत बिघडते आणि विषारी वायू तयार होऊ लागतो. म्हणून :

१. गॅस गीझर न्हाणीच्या आत बसवू नका. तो बाहेरच्या भिंतीवर, मोकळ्या हवेत, पावसापासून आडोसा करून लावा. आत फक्त गरम पाण्याची नळी येऊ द्या.

२. बाहेर म्हणजे शेजाऱ्याच्या खिडकीखाली नव्हे. आपल्या गल्ल्या अरुंद आहेत. आपल्या गीझरचा वायू दुसऱ्याच्या घरात जाता कामा नये.

३. आयएसआय चिन्ह असलेलाच गीझर घ्या. स्वस्तात मिळाला म्हणून जुना, गंजलेला घेऊ नका. गीझरच्या वरच्या फटींवर कपडे वाळत घालू नका.

४. बसवायला जाणकार माणूसच बोलवा. स्वयंपाकाच्या सिलिंडरच्या नळीला मध्येच कापून जोड देणे धोक्याचे आहे.

५. वर्षातून एकदा, दिवाळीनंतर, काजळी साफ करून घ्या.

६. गीझर आधीच आत बसवलेला असेल आणि लगेच हलवता येत नसेल, तर आजपासून एक शिस्त पाळा : दार सताड उघडे ठेवून बादली भरा, गीझर बंद करा, थोडी हवा खेळू द्या, मगच अंघोळीला आत जा. भाड्याचे घर असेल तर घरमालकाला हा पाठ वाचून दाखवा.

सिलिंडर आणि शेगडी

गॅसची ज्योत निळी हवी. ज्योत पिवळी झाली, भांड्याची बुडे काळी होऊ लागली, तर हवा कमी पडते आहे किंवा बर्नर घाण झाला आहे असे समजा. गॅसच्या शेगडीवर खोली गरम करत बसू नका.

सिलिंडर नेहमी उभा ठेवा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर, ओट्यावर ठेवा. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचा आकडा असतो. ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जूनपर्यंत, सी सप्टेंबरपर्यंत, डी डिसेंबरपर्यंत. ती मुदत उलटलेला सिलिंडर घेऊ नका. नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदला, त्याआधी चीर दिसली तर लगेच. झोपण्याआधी रेग्युलेटर बंद करा.

हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला की तो जमिनीलगत आणि मोरीत साचतो. वास आला तर दिवा, पंखा, कोणतेही बटण चालू करू नका आणि बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेरून १९०६ या क्रमांकावर फोन करा. घरगुती गॅसच्या अपघातासाठी तेल कंपन्यांचा विमा असतो, त्यासाठी ग्राहकाला वेगळे पैसे भरावे लागत नाहीत. म्हणून दुर्घटना झाल्यास एजन्सीला ताबडतोब लेखी कळवा आणि त्याची पोच घ्या.

लक्षात ठेवा, गॅसगळतीला वास असतो, कार्बन मोनॉक्साइडला नसतो. दोन्हींचे भोंगेही वेगवेगळे असतात. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.

लक्षणे आणि पहिली मदत

डोके ठणकणे, चक्कर, मळमळ, उलटी, पायातले बळ जाणे, गोंधळल्यासारखे बोलणे, झोप अनावर होणे. घरातल्या एकाहून जास्त माणसांना एकाच वेळी असे झाले आणि बाहेर आल्यावर बरे वाटले, तर शंका पक्की समजा. ही बाहेरची बाधा नाही, करणी नाही आणि पित्तही नाही.

आधी दार उघडा. श्वास रोखून आत जा, माणसाला बाहेर मोकळ्या हवेत आणा, मग विस्तव विझवा. १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, कांदा हुंगवत वेळ घालवू नका. श्वास चालू असेल तर कुशीवर निजवा. सिव्हिल हॉस्पिटलला नेल्यावर डॉक्टरांना स्पष्ट सांगा : बंद खोलीत शेगडी होती किंवा गीझर चालू होता. हे सांगणे फार महत्त्वाचे आहे, कारण बोटाला लावायचे ऑक्सिजन मोजण्याचे यंत्र या विषबाधेत आकडा चांगला दाखवू शकते. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. म्हणून बरे वाटले तरी दवाखान्यात जाच. गरोदर बाईला तर न्यावेच, कारण पोटातल्या बाळाला धोका अधिक असतो.

परवडणारी ऊब

आपले गाव चादरी विणणारे आहे. अंगावर एकाच्या जागी दोन चादरी आणि अंगाखाली पोते किंवा सतरंजी घ्या, कारण थंडी खालूनही येते. पाणी ओट्यावर, दार उघडे ठेवून तापवा. उकळते पाणी नेताना मुलांना बाजूला करा. विजेचा रॉड वापरत असाल तर बटण बंद करून, पिन काढूनच पाण्याला हात लावा. शेकोटी अंगणात करा, आणि घरात येताना निखारे बाहेरच पाण्याने विझवा. आणि झरोक्यातले पोते आज रात्रीच काढून टाका.

विहारातल्या बैठकीत चर्चेसाठी

१. धूर नसलेले निखारे सुरक्षित का नाहीत?
२. आपल्या गल्लीत किती घरांत गीझर न्हाणीच्या आत आहे? तो हलवायला कोण कोणाला मदत करू शकेल?
३. या थंडीत कोणाकडे बाळंतीण आहे? तिच्या घरी जाऊन हा पाठ कोण वाचून दाखवील?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याच बैठकीत नावासह ठरवा.